घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘वय २६, नाशिक. सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे, हातात २२ हजार येतात. दोन वर्षांपूर्वी एका ‘दादा’चे व्हिडिओ बघायला लागलो. पुरुषाने कसं राहावं, मुलींच्या मागे का लागू नये, पैसा कसा कमवावा, असलं सगळं. आधी १९९ रुपयांचा वेबिनार केला, मग ४,९९९ चा तीन दिवसांचा बूटकॅम्प, मग ४९,९९९ चं ‘इनर सर्कल’ बारा हप्त्यांवर. त्यातले पाच हप्ते गेलेत. टेलिग्राम ग्रुपचे महिन्याला ९९९ गेले चौदा महिने कापले जातायत. जिममुळे तब्येत सुधारली, हे खरं. पण दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला घरी येतो तरी चारला उठतो. ब्रह्मचर्याचं नव्वद दिवसांचं चॅलेंज कधीच वीसच्या पुढे गेलं नाही. त्याचं ऐकून मैत्रिणीशी मुद्दाम तुटक वागलो, ती गेली. जुन्या मित्राला लूजर म्हणालो. मागच्या महिन्यात रिफंड विचारला, तर लाइव्हमध्ये सगळ्यांसमोर ‘याचा माईंडसेटच व्हिक्टिमचा आहे’ म्हणून हसला आणि मला म्यूट केलं. ज्या मुलाची यशोगाथा बघून पैसे भरले, तो कोर्स विकून कमिशन घेतो हेही आता कळलं. राग येतो, लाज वाटते, झोप येत नाही. मी मूर्ख होतो का? पैसे मिळतील का? तिची माफी मागू का? आणि माझा अकरावीतला भाऊ आता तेच रील्स बघतोय. – के.’

प्रिय के.,

‘भावा’ म्हणून सुरुवात करत नाही. त्या शब्दाचे पैसे तुम्ही आधीच मोजलेत.

मूर्खपणाचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, पण आधी पैशांचं बघू, कारण ते अजून गळतायत. आतापर्यंत साधारण ४० हजार गेले, हप्त्यांचे आणखी २९ हजार जायचेत. टेलिग्रामचा ९९९ चा नळ मात्र आज, आत्ता बंद होऊ शकतो. ग्रुप सोडला म्हणजे पैसे थांबले असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. कापले जातात ते यूपीआय ऑटोपेमुळे, आणि ते तुमच्या बँकेशी बांधलेलं असतं, ग्रुपशी नाही. पैसे ज्या ॲपवरून भरले, त्यात प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ शोधा, चालू मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) उघडा आणि ‘पॉज’ नव्हे, ‘रद्द’ करा. पिन मागेल. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. पुढच्या महिन्यात अशी सूचना आलीच, तर रद्द करताना काहीतरी राहिलं असं समजा आणि बँकेला लेखी कळवा.

मात्र ग्रुप लगेच सोडू नका. आधी पुरावा गोळा करा. टेलिग्रामवर ॲडमिन जुने मेसेज सगळ्यांच्याच फोनमधून पुसू शकतो, आणि तुम्ही बाहेर पडलात की तुमच्या हातात काही उरत नाही. बऱ्याच पेड ग्रुपमध्ये स्क्रीनशॉटही बंद केलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या फोनने सरळ स्क्रीनचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. काय काय हवं: विक्रीचं पान वरपासून खालपर्यंत, विशेषतः ‘काय काय मिळेल’ तो भाग, प्रत्येक भरण्याची पावती आणि यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), रिफंड मागितल्याचे मेसेज आणि त्यांची उत्तरं, विक्री करणाऱ्या माणसाने व्हॉट्सॲपवर दिलेली आश्वासनं.

आता ४९,९९९ चं. असे हप्ते ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी, म्हणून विकतात. तो शब्द फसवा आहे. अशा कोर्सचे हप्ते बहुतेक वेळा कोर्सवाल्याला जात नाहीत. एका वित्तसंस्थेने तुमच्या नावावर कर्ज काढून त्याचे पैसे पहिल्याच दिवशी चुकते केलेले असतात आणि तुम्ही फेडता ते कर्ज. तुमचा ईमेल शोधा: ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद आलेला असेल, त्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव आणि तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो. तो सापडला, तर रागाच्या भरात हप्ता बंद करू नका. त्याचा दंड आणि सिबिलवरचा (कर्जफेडीच्या नोंदीवरचा) डाग तुमच्या नावावर पडेल, ‘दादा’च्या नाही. हप्ता भरत राहून दोन्ही दारं ठोठवायची: विक्रेत्याकडे परतावा आणि कर्ज बंद करण्याची मागणी, आणि कर्ज देणाऱ्याकडे ‘ज्या सेवेसाठी कर्ज दिलंत ती मिळालेली नाही’ अशी लेखी तक्रार. कर्ज देणाऱ्याने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टोलवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही.

विक्रेत्याला पत्र लिहिताना तुमच्यासारखी मुलं एक चूक हमखास करतात. ‘तुम्ही माझं आयुष्य बरबाद केलंत’ असं लिहितात. भावना खरी असली तरी ती मोजता येत नाही, आणि समोरचा ‘आम्ही शिकवलं, याने केलं नाही’ म्हणून मोकळा होतो. मोजता येईल तेवढंच लिहा. वही घ्या, दोन रकाने करा: कबूल काय केलं, दिलं काय. आठवड्याला एक लाइव्ह म्हणजे पाच महिन्यांत वीसेक, झाले किती? वैयक्तिक कॉल किती कबूल, किती मिळाले, त्यात ‘दादा’ स्वतः किती वेळा होता? ‘पहिल्या ९० दिवसांत कमाई’ अशी हमी लेखी होती का? मग ईमेल असा:

‘मी अमुक तारखेला अमुक रक्कम भरून आपला अमुक कार्यक्रम घेतला. त्यात २० लाइव्ह सत्रं आणि ५ वैयक्तिक कॉल कबूल होते. प्रत्यक्षात इतकी सत्रं आणि इतके कॉल झाले. तपशील आणि पुरावे सोबत आहेत. न मिळालेल्या सेवेची रक्कम १५ दिवसांत परत करावी आणि माझ्या नावावरचं कर्ज बंद करण्याची कार्यवाही करावी. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.’

एवढंच. उद्गारचिन्ह नको. ईमेल करा आणि तेच स्पीड पोस्टने पाठवा. पत्ता कुठला? पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधा. ज्या कंपनीच्या नावावर धंदा चालतो तिचं खरं नाव आणि पत्ता तिथे दिसतो. ते नाव चॅनेलच्या नावापेक्षा बऱ्याचदा वेगळं निघतं, आणि तक्रार त्याच नावावर करायची असते.

‘नो रिफंड’ लिहिलंय म्हणून सगळं संपलं असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेचे पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि पावतीवर मुदत दिली नसेल तर ती ३० दिवस. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती विक्रेत्याशी मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. पण बरेच विक्रेते तिथेच नरमतात. नाहीच झालं, तर ‘ई-जागृती’ पोर्टलवरून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे. अपेक्षा माफक ठेवा. १९९ आणि ४,९९९ गेले समजा, कारण ते कार्यक्रम झालेत आणि तुम्ही बसलात. चौदा महिन्यांच्या ग्रुप फीचंही तेच. खरी लढाई ‘इनर सर्कल’च्या रकमेची.

दोन सावधानता. अर्धी रक्कम देतो पण कौतुकाचा व्हिडिओ करून दे, अशी ऑफर आली तर घेऊ नका. तुमच्यासारखाच कुणीतरी तो बघून पैसे भरेल. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन आला तर तो दुसरा चोर. पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. टाकून बसलात, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पर्दाफाशाचा व्हिडिओ करायची खुमखुमी येईल. आधी पैसे. सूडाच्या व्हिडिओला बदनामीची नोटीस येते आणि मूळ तक्रार बाजूला राहते. नंतर लिहायचंच असेल तर तोच दोन रकान्यांचा हिशेब लिहा.

आता मूर्खपणाकडे. तुमच्या फोनवर त्याच्या वेबिनारचं पान उघडा. वर लाल पट्टीत घड्याळ असेल: ‘ऑफर संपायला १४ मिनिटं ५२ सेकंद’. आता ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी (तुम्ही आधी आला होतात हे जिला आठवत नाही ती) उघडून तेच पान पुन्हा उघडा. अशा बहुतेक पानांवर घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर येतं. ऑफर संपतच नसते. घड्याळ सुरू होतं ते तुम्ही आलात म्हणून. आणि खाली ‘नको’ म्हणायचं बटण नीट वाचा. कधीकधी ते असं असतं: ‘नको, मला आहे तसंच राहायचंय’. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीचा सापळा आणि वेष बदललेली जाहिरात, चारही त्या यादीत आहेत. कमिशन घेणाऱ्याने ते न सांगता ‘यशोगाथा’ सांगणं या शेवटच्या प्रकारात बसतं. थोडक्यात, ज्याला तुम्ही तुमची चूक समजताय त्यासाठी सरकारला यादी करावी लागली, इतकं ते सर्रास चालतं.

१९९ ते ४९,९९९ ही शिडीही ठरलेली असते. १९९ मध्ये कुणालाच फायदा होत नाही, विक्रेत्यालाही नाही. ती रक्कम फक्त कोण पैसे काढतो ते ओळखायला असते. यशोगाथेच्या कमिशनचा खेळ सगळ्यात मोठ्या प्रमाणावर अँड्र्यू टेट या मर्दपणाचे धडे विकणाऱ्या ब्रिटिश-अमेरिकन इन्फ्लुएन्सरच्या बाबतीत दिसला. त्याच्या ऑनलाइन ‘युनिव्हर्सिटी’ची फी महिन्याला सुमारे ५० डॉलर, आणि नवा सभासद आणणाऱ्याला कमिशन. त्यामुळे हजारो मुलं त्याच्या क्लिपा कापून टिकटॉकवर टाकत राहिली. बघणाऱ्याला वाटे, सगळं जग याच्याबद्दल बोलतंय. बोलत होते ते विक्रेते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोठ्या प्लॅटफॉर्म्सनी त्याला काढलं आणि तेव्हाच ती कमिशन योजनाही बंद झाली. (त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रोमानियात त्याला अटक झाली, आरोप तो नाकारतो.) देशी आवृत्त्यांत डॉलरचे रुपये होतात, बाकी यंत्र तेच.

त्या यंत्राचा मुख्य खिळा मात्र तुम्हाला लाइव्हमध्ये टोचलेला ‘माईंडसेट’ हा शब्द आहे. फायदा झाला तर कोर्समुळे, झाला नाही तर तुमच्या माईंडसेटमुळे. अशा हिशेबात कोर्स कधीच नापास होत नाही. ‘अल्फा’, म्हणजे सगळ्यांवर हुकूम चालवणारा मर्द, या कल्पनेचंही तसंच. लांडग्यांच्या कळपात एक दादा असतो आणि बाकीचे दबून राहतात, ही कल्पना १९४७ मध्ये शेंकेल या अभ्यासकाने पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून मांडली. डेव्हिड मीच (Mech) या शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या पुस्तकातून ती लोकप्रिय केली, आणि रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये स्वतःच खोडून काढली. रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. ज्याला अल्फा म्हणत होते तो निव्वळ बाप निघाला.

जिम सोडू नका. ती त्याची नव्हतीच. आठवड्यात ३ दिवस, स्क्वॉट, बेंच प्रेस, रो, डेडलिफ्ट, प्रत्येकी ३ सेट, ८ ते १० वेळा. सगळे सेट नीट जमले की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवा, जमले नाहीत तर तेच वजन. कंबर वाकायला लागली की सेट तिथेच थांबवा, नवख्यांची पाठ तिथेच जाते. वजन ६५-७० किलो असेल तर दिवसाला ८० ते १०० ग्रॅम प्रथिनं पुरतात: ४ अंडी २४ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६ ग्रॅम, उरलेलं वरण, दही, पोळी-भाकरीतून. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवण्याच्या नावाने विकतात ती ‘टेस्टो बूस्टर’ची बाटली घेत असाल तर बंद. त्यात बऱ्याचदा अश्वगंधा असते, आणि तिच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. टेस्टोस्टेरॉनची खरंच शंका असेल तर सकाळी १० च्या आत रक्त तपासा, कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि रिपोर्ट डॉक्टरला दाखवा, ग्रुपला नाही.

पहाटे चारचं उठणं मात्र आजपासून बंद. साडेबाराला घरी, एकला झोप, चारला उठणं म्हणजे तीन तास. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रोज ५ तासच झोपू दिलं, तर दिवसा त्यांचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं. ज्या ‘मर्दपणा’साठी तुम्ही चारला उठताय तो उशीवरच सांडतोय. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात साडेआठला उठा, खिडकीला जाड पडदा लावा. वाटणारा निम्मा राग झोपेचाच असण्याची शक्यता आहे.

आणि ते नव्वद दिवसांचं चॅलेंज. वीर्य गेलं की शक्ती गेली, ही भीती आपल्याकडे इतकी जुनी आणि पसरलेली आहे की डॉ. एन. एन. विग या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. मराठीत तर हे भांडण शंभर वर्षांचं. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. त्यात वाचक नेमके हेच प्रश्न विचारत आणि कर्वे भीती न घालता उत्तरं देत. त्याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. हस्तमैथुनाने शरीर खचत नाही. खचवतं ते विसाव्या दिवशी ‘पुन्हा शून्य’ लिहिताना वाटणारं अपराधीपण. पॉर्नमुळे कामाला उशीर होत असेल, झोप जात असेल तर त्याचे तास कमी करा. दिवस मोजणं सोडा.

तिची माफी. मागा, पण एकदाच, आणि त्यात काही मागू नका. ‘मी बदललोय’ नको, ‘त्या कोर्समुळे’ नको, ‘एकदा भेटूया’ तर मुळीच नको. असं काहीसं:

‘मी तुझ्याशी मुद्दाम तुटक वागलो, तीन-तीन दिवस उत्तर दिलं नाही, तुला झुलवत ठेवलं. चूक माझी होती, तुझ्यात काही कमी नव्हतं. याला उत्तर द्यायची गरज नाही.’

पाठवा आणि फोन ठेवा. दोन निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर. तिने ब्लॉक केलं असेल तर दुसऱ्या नंबरवरून, मैत्रिणीकरवी, ऑफिसच्या बाहेर, कुठूनही नाही. नको म्हणणाऱ्या बाईच्या मागे पुन्हा पुन्हा लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. ते बाजूला ठेवलं, तरी तिचा नकार हाताळायचं ‘तंत्र’ शोधणं म्हणजे पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसणं.

मित्राचं सोपं आहे. त्याला मेसेज करू नका, घरी जा. ‘मी तुला लूजर म्हणालो, फार वाईट बोललो’, इतकं चहा येण्याआधी बोलून टाका. तो टिंगल करेल. करू द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण चौदा महिन्यांच्या वर्गणीत ती दिसते. त्या ग्रुपमध्ये रोज कुणीतरी तुमची वाट बघत होतं. ते गेलं की रात्र मोकळी पडते, आणि मग एकतर तोच ग्रुप पुन्हा उघडला जातो किंवा त्याला शिव्या घालणारा दुसरा ‘दादा’ सापडतो, ज्याचाही कोर्स असतो. त्या वेळेत प्रत्यक्ष माणसं लागतील: ढोल पथकाचा सराव, रविवारी अंजनेरी, सकाळची पाळी नसेल तेव्हा पांडवलेणीच्या पायऱ्या, हवं तर त्याच मित्राबरोबर. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसा, त्या चॅनेलवर ‘शिफारस करू नका’ दाबा, इन्स्टाग्रामच्या कंटेंट सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करा. झोप पुरी करूनही दोन आठवडे जेवण जात नसेल, स्वतःची किळस येत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, चोवीस तास आणि मराठीत. जगणं नको असं एकदा जरी वाटलं, तर दोन आठवडे थांबू नका.

राहिला भाऊ. त्याचा फोन हिसकावू नका आणि ‘मी फसलो, तू फसू नकोस’ असं भाषणही देऊ नका. सोळा-सतराव्या वर्षी मनाई म्हणजे शिफारस. त्याला ‘दादा’ आवडतो कारण तो शरीर, मुली आणि पैसा या तीन विषयांवर त्याच्याशी बोलतो. घरात या विषयांवर कोण बोलतं? एखाद्या संध्याकाळी शेजारी बसा, त्याच्याच फोनवर ते घड्याळाचं पान उघडायला सांगा, मग इन्कॉग्निटोमध्ये. काही बोलू नका. तो स्वतः हसेल. मग एकच प्रश्न विचारा: ‘हा माणूस पैसे कशातून कमावतो?’ उत्तर त्याला शोधू द्या, चार दिवस लागले तरी चालतील. वर्गातल्या मुलींबद्दल घाण बोलायला लागला, जेवण टाळून पावडरीवर आला किंवा आईच्या फोनवरून पैसे गेले, तर मात्र थांबू नका. तुमचे दोन रकाने, आकड्यांसकट, त्याच्यापुढे ठेवा.

आणि शनिवारी त्याला जिमला सोबत न्या. रिकाम्या बारपासून सुरू करू द्या. वजन किती लावायचं ते तुम्ही ठरवा, गाणी त्याला लावू द्या.